एलेनच्या हाती माउस कधी येणार?

स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या अंकात कॉम्प्युटरवरच्या चाच्यांच्या खेळासाठी पानं खर्च करायची का, असं काही मैत्रिणी नक्की विचारतील. पोटगी, मारहाण, पाणी, रेशनकार्ड हे सगळं दाराशी उभं असताना हे कसले लाड? प्रश्न जुनाच आहे. जाहिरातीतल्या बाईबद्दल चळवळीने बोलायला सुरुवात केली तेव्हाही हेच ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि पाठ्यपुस्तकातल्या ‘आई स्वयंपाक करते, बाबा पेपर वाचतात’ या चित्रांवर बोट ठेवलं तेव्हाही. या मैत्रिणींशी मला भांडायचं आहेच. पण त्याहून मोठं भांडण दुसऱ्या बाजूशी आहे. ती बाजू म्हणते, ‘‘अहो, या खेळातली नायिका किती खंबीर आहे ते तरी बघा! तुम्हा स्त्रीवाद्यांचं समाधान कशानेच कसं होत नाही?’’

होत नाही. का होत नाही ते सांगते.

खेळाचं नाव ‘द कर्स ऑफ मंकी आयलंड’, म्हणजे माकडबेटाचा शाप. अमेरिकेतल्या लुकासआर्ट्स कंपनीने तो १९९७ साली काढला. मालिकेतला हा तिसरा खेळ. पहिला १९९० चा, दुसरा १९९१ चा. त्या दोन्हींचा मुख्य कर्ता रॉन गिल्बर्ट तोवर कंपनी सोडून गेला होता आणि तिसरा भाग जोनाथन अॅकली व लॅरी अहर्न यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. पात्रं पहिल्यांदाच आवाजात बोलू लागली, चित्रं कार्टूनपटासारखी देखणी झाली. २०१८ साली हा खेळ आजच्या कॉम्प्युटरवर चालेल असा पुन्हा विक्रीला आला, आणि म्हणूनच आमच्या वस्तीतल्या केंद्रातल्या मुलींपर्यंत पोचू शकला.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. यात धडाधड गोळ्या झाडायच्या नसतात. पडद्यावर एक ठिकाण दिसतं: बंदर, खानावळ, जहाजाचं तळघर. माउसने बाण फिरवायचा आणि हव्या त्या गोष्टीवर क्लिक करायचं. बटण दाबून धरलं की सोन्याचं एक नाणं उमटतं आणि त्यावर तीन चिन्हं दिसतात: हात, कवटी आणि पोपट. हात म्हणजे घे किंवा वापर, कवटीचे डोळे म्हणजे बघ, पोपट म्हणजे बोल. सगळं जग या तीन क्रियांवर चालतं. वस्तू गोळा करायच्या, त्या एकमेकींशी जोडून बघायच्या, माणसांना बोलतं करायचं, कोडं सुटलं की पुढे जायचं. हे हात, डोळे आणि तोंड गायब्रश थ्रीपवुड नावाच्या एका तरुणाचे असतात. चाचा व्हायची हौस दांडगी, अंगात बळ बेताचं. दहा मिनिटं श्वास रोखता येतो, ही त्याची मोठी बढाई. तलवारीची लढाई तो जिंकतो ती टोमण्याला सवाई टोमणा देऊन. आपल्या सवाल-जवाबासारखाच प्रकार. तिसऱ्या भागात तर समुद्रावरच्या लढाईत यमक जुळवून उत्तर द्यावं लागतं. आमच्या मुलींना हा भाग सगळ्यात आवडला. मलाही आवडला. मर्दानगीची इतकी खिल्ली उडवणारे खेळ थोडेच असतील, हे आधीच मान्य करून टाकते.

आता नायिका. एलेन मार्ली ही कॅरिबियन समुद्रातल्या बेटांची गव्हर्नर. राज्यकारभार करणारी, तलवार चालवणारी, कुणाचं ऐकून न घेणारी. तिच्यामागे लेचक नावाचा चाचा लागलेला आहे. तिने त्याला सरळ नाही म्हटलं. तिच्यावर छाप पाडायला तो माकडबेटाच्या शोधात निघाला आणि वादळात जहाजासकट बुडाला. मग भूत होऊन परत आला. पुढच्या खेळात सडकं प्रेत होऊन आला, त्यापुढे ज्वाळांचा राक्षस होऊन. मेला तरी नकार काही त्याच्या डोक्यात शिरला नाही! पहिला खेळ १९९० चा. त्याच वर्षी उल्हासनगरच्या परीक्षा केंद्रात घुसून एका शाळकरी मुलीला जाळून मारलं गेलं आणि त्याला ‘एकतर्फी प्रेम’ असं गोंडस नाव मिळालं. दोन्हींचं वर्ष एक असणं हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण लेचक परक्या देशातला म्हणून आपल्या ओळखीचा नाही, असं निदान कुणी म्हणू नये. खेळाने त्याला खलनायकच ठेवलं आहे, ‘प्रेमवेडा बिचारा’ केलेलं नाही, हेही नोंदवते.

तिसऱ्या भागाची सुरुवात तर टाळ्या वाजवाव्यात अशी. प्लंडर बेटावर एलेनचा किल्ला आहे आणि समोर लेचकचं जहाज. तो समुद्रातून लग्नाची मागणी घालतो, ती तटावरून तोफा डागते. आपला नायक कुठे आहे? जत्रेत एकमेकांवर आपटायच्या ज्या छोट्या गाड्या असतात, तसल्या एका गाडीत बसून समुद्रावर वाहत चालला आहे, डायरी लिहीत. असा वाहत वाहत तो लढाईच्या मधोमध येतो, लेचकच्या तावडीत सापडतो, आणि जहाजावरच्या लुटीच्या कोठारात त्याला हिऱ्याची अंगठी मिळते. लेचकचा स्फोट होतो, जहाज बुडतं. गायब्रश किनाऱ्यावर येऊन एलेनला मागणी घालतो आणि ती अंगठी तिच्या बोटात घालतो. अंगठी शापित असते. एलेनचा सोन्याचा पुतळा होतो.

खेळात एकूण सहा प्रकरणं आहेत. पहिल्याच्या शेवटी ती सोन्याची होते आणि चौथ्याच्या शेवटी पुन्हा माणूस होते. म्हणजे खेळाचा सगळा भरीव मधला भाग ती धातू असते. नायक मदत आणायला जातो तेवढ्यात चाचे तिला पळवून नेतात. साहजिकच आहे, इतकं सोनं उघड्यावर कोण सोडेल? मग जहाज मिळवा, नकाशा मिळवा, खलाशी मिळवा, तिला सोडवा, दुसऱ्या बेटावर न्या. पाचव्या प्रकरणात पुन्हा लेचक दोघांना पकडतो. सहाव्यात नायक लेचकला हरवतो आणि लग्न लागतं. तोफा डागणाऱ्या गव्हर्नरचं पहिल्या प्रकरणानंतर काम काय उरलं? उचलून नेलं जाणं, सापडणं आणि शेवटी नवरी होणं.

सोनं आणि बाई यांचा आपल्याकडे काय संबंध आहे, ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. अंगावर सोनं असेल त्यावरून तिची किंमत, आणि अडीनडीला तेच सोनं तिला न विचारता सोनाराकडे. खेळाने एक पाऊल पुढे टाकलं आणि मधली बाईच काढून टाकली. नुसतं सोनं उरलं.

पण माझा राग पुतळा केला एवढ्यावर नाही. शापाने दगड झालेल्या बाया सगळ्या देशांच्या गोष्टींत असतात, आपल्याकडे तर अहल्याच आहे. राग पुढच्या गोष्टीचा आहे. अंगठी कुणाची, कुठून आली, काही न विचारता लुटीतून उचलून तिच्या बोटात कुणी घातली? गायब्रशने. नुकसान त्याने केलं. आणि तेच नुकसान भरून काढण्याची धावपळ म्हणजे उरलेला खेळ! खेळणारी मुलगी किंवा मुलगा कित्येक तास त्याच्या डोळ्यांनी बघतो, त्याच्या हातांनी वस्तू उचलतो, त्याच्याबरोबर अडतो, वैतागतो आणि सुटतो. एवढ्या वेळात कुणाशी जीव जडणार? पुतळ्याशी?

केंद्रात आठ-दहा मुली मिळून हा खेळ खेळत होत्या, इंग्रजी येणारी एक मोठी मुलगी बाकीच्यांना मराठीत सांगायची. तिसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडी एक शब्द सारखा येऊ लागला: बिचारा. ‘‘बिचारा किती पळतो गं तिच्यासाठी!’’ हा शब्द ऐकून मी दचकले, कारण शेजारच्याच खोलीत, समुपदेशनाच्या टेबलाशी, तो मी जवळजवळ दर आठवड्याला ऐकते. सुनेचा हात मोडलेला असतो. नवरा एक्स-रे काढून आणतो, औषधं आणतो, दवाखान्यात डबा पोचवतो. सासू म्हणते, ‘‘ताई, बघा ना, बिचारा माझा पोरगा किती धावपळ करतोय तिच्यासाठी.’’ शेजारीपाजारी माना डोलावतात. कधी कधी तीही डोलावते. हात मोडला कुणी, हा प्रश्न त्या धावपळीखाली गाडला जातो. एम. एस. डब्ल्यू. ला आम्हाला केसवर्क शिकवताना म्हणत की घटना सांगणारा कुठून सुरुवात करतो ते नीट ऐका. ‘‘ती पडली आणि मी तिला दवाखान्यात नेलं’’ इथून गोष्ट सुरू झाली की ऐकणाऱ्याला नवरा देवमाणूस वाटतो. गायब्रश मारकुटा नाही, निव्वळ वेंधळा आहे, हा फरक मला कळतो. पण गोष्ट रचायची रीत एकच आहे. ती रीत मुलींच्या बोटांत, क्लिक-क्लिक करत, आनंदाने मुरते. म्हणून हा विषय या अंकात.

शाप उतरतो कसा, तेही ऐका. एका अंगठीने झालेला शाप उतरवायला तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी अंगठी लागते. ती मिळवायला ब्लड आयलंड नावाच्या बेटावर जायचं. तिथे प्रेमात दगा झाल्याने झुरून मेलेल्या एका नवरीचं भूत आहे. तिच्याकडून अंगठीचं कडं मिळवायचं, हिरा चोरांच्या टोळीकडून पत्त्यांत जिंकायचा. मग पुतळ्याच्या बोटाला लोशन चोळून जुनी अंगठी काढायची आणि नवी घालायची. ही दुसरी अंगठी घालताना ती पुतळाच असते. हो म्हणायला किंवा नाही म्हणायला तिला तोंडच नाही. लग्नाच्या खुणेने संकट आलं, तर उपाय काय? आणखी महाग खूण! ‘लग्न लावून द्या, सुधारेल’, ‘एक मूल होऊ द्या, सुधारेल’ हे सांगणारे आपल्याकडचे काका-मामा अमेरिकेतल्या खेळ करणाऱ्यांना कधी भेटले असतील, असं हसायला येतं.

मालिकेचे चाहते इथे हटकून पहिल्या खेळाचा शेवट पुढे करतात. तिथेही लेचकने एलेनला पळवलेलं असतं. गायब्रश अख्खा खेळभर मरमर करून ऐन लग्नाच्या वेळी चर्चमध्ये घुसतो, तर नवरीच्या पोशाखात एलेन नसतेच, दोन माकडं असतात. एलेन आधीच सुटलेली असते, तिचा स्वतःचा बेत ठरलेला असतो आणि या वीरपुरुषाने मध्ये येऊन तो बिघडवलेला असतो. विनोद फर्मास आहे. ‘संकटातली अबला’ या कल्पनेचं नाक कापलं, असं म्हणतात. कापलंच, मान्य. पण ती सुटली कशी? भुतांच्या जहाजावरून निसटली कशी, माकडं मिळवली कुठून, त्यांना लग्नाच्या पोशाखात गप्प उभं कसं केलं? एका खेळापुरती उत्तम कोडी आहेत ही, आणि त्यांतलं एकही आपल्याला सोडवायला मिळत नाही. तिची हुशारी पडद्याआड. पडद्यावर येतो तो फक्त त्या हुशारीचा निकाल, तोही त्याची फजिती दाखवण्यापुरता. गाभ्याची चोरी इथे आहे. एलेनला अक्कल दिली, पद दिलं, धारदार जीभ दिली, सगळं दिलं. एवढा बाण तेवढा तिच्या हाती दिला नाही.

‘त्या काळी तसंच होतं’ हे उत्तरही चालणार नाही. अशा खेळांची सुरुवात करणाऱ्यांत रोबर्टा विल्यम्स ही बाई होती. १९८० साली तिने नवऱ्याबरोबर ‘मिस्टरी हाउस’ काढला. १९८८ सालच्या तिच्या ‘किंग्ज क्वेस्ट’च्या चौथ्या भागात रोझेला नावाची राजकन्या नायिका होती, आणि बापाला वाचवायला ती निघते. पुढच्याच वर्षी तिने लॉरा बो ही नायिका घेऊन गुन्ह्याचा तपास लावणारा खेळ केला. हे सगळं मंकी आयलंडच्या आधी. फार काय, खुद्द रॉन गिल्बर्टने गॅरी विनिकबरोबर १९८७ साली जो ‘मॅनियाक मॅन्शन’ केला त्यात खेळायला निवडता येणाऱ्या मुलामुलींत रेझर आणि वेंडी या दोन मुली होत्या. म्हणजे मुलीच्या हाती बाण देता येतो हे त्याच माणसाला तीन वर्षं आधी ठाऊक होतं.

चाचेगिरी पुरुषांची होती, हेही सांगू नका. कॅरिबियन समुद्रातच अॅन बॉनी आणि मेरी रीड या दोघी चाच्यांच्या जहाजावर होत्या. १७२० साली जमैकात त्यांच्यावर खटला चालून फाशीची शिक्षा झाली, आणि दोघींनी आपण गरोदर असल्याचं सांगितल्याने ती थांबली. मेरी पुढच्या वर्षी तुरुंगात मेली.

पुढच्या खेळांबद्दल थोडक्यात. २००० सालचा चौथा भाग मला सगळ्यात बोचला. नवराबायको मधुचंद्राहून परत येतात तर एलेनला अधिकृतपणे मृत घोषित केलेलं असतं, गव्हर्नरपदाची निवडणूक लागलेली असते, आणि तिचा वाडा पाडायला माणूस दारात उभा! लग्न करून आली आणि कागदावर मेली. ज्यांनी लग्नानंतर सातबाऱ्यावरून नाव गेलेल्या बाया पाहिल्या आहेत, त्यांना हे हसता हसता लागेल. एलेन निवडणूक लढवते, प्रचार करते. आपण मात्र नवऱ्याबरोबर वाड्याचे कागद शोधत फिरतो. आपल्याकडे सरपंचबाईच्या नावावर नवरा कारभार करतो ही तक्रार असते. इथे काम तीच करते, पण गोष्ट त्याची होते. आणि शेवटी तिचे हरवलेले आजोबा सापडतात, पद त्यांच्याकडे जातं, आणि जोडपं समुद्रावर जायला मोकळं होतं. किती सोयीचं!

२००९ चा पाचवा भाग सोडून सहाव्याकडे येते. २०२२ साली रॉन गिल्बर्टने डेव्ह ग्रॉसमनबरोबर ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ काढला. यात मला खरा बदल दिसला. पहिल्या खेळात तलवारीची उस्ताद असलेली कार्ला आता गव्हर्नर झाली आहे. एलेनने स्कर्व्हीविरुद्ध मोहीम काढली आहे, लिंबं घेऊन ती बेटांवर फिरते. स्कर्व्ही हा खलाशांचा काळ होता. लिंबू-संत्र्यांनी तो बरा होतो हे जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७ साली जहाजावरच्या रुग्णांवर प्रयोग करून दाखवलं, तरी आरमाराने ते अमलात आणायला काही दशकं घालवली. म्हणजे एलेन चक्क आपलं काम करते आहे, सार्वजनिक आरोग्याचं! आणि पुढे ती नवऱ्याबरोबर चालता चालता त्याला एकेक करून विचारते की त्या रहस्यामागे धावताना वाटेत तू कुणाकुणाचं काय काय नुकसान केलंस. आरडाओरडा नाही, रडारड नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मालिकेने हा प्रश्न विचारला आणि तो तिच्या तोंडून विचारला. मी खुर्चीत सरसावून बसले.

तरीही उत्तर कोणी द्यायचं? आपण. म्हणजे तो. प्रश्नही त्याच्याच गोष्टीत आला. आणि अख्खी गोष्ट बाप बाकावर बसून मुलाला सांगतो आहे. १९९० पासून २०२२ पर्यंतच्या सहा मुख्य खेळांत एलेन म्हणून एक पाऊल टाकता येत नाही. लिंबांच्या मोहिमेचा खेळ मला मनापासून खेळायला आवडला असता. बंदरावरचे कारकून, पैसे न देणारे व्यापारी, ‘लिंबाने काय होतंय’ म्हणणारे कप्तान, यांच्याकडून काम करवून घेणं हे कोणत्याही टोमणेबाजीइतकंच अवघड असतं, आपल्याला विचारा!

आपल्यातल्या काही जणी म्हणतात, असले खेळ केंद्रातून काढून टाका. मला हे पटत नाही. काढून टाकले तर मुली ते मोबाईलवर, भावाच्या मागे उभं राहून बघतील. भावाच्या हातात बाण आणि बहीण पाठीमागे उभी, हे चित्र मला जास्त खटकतं. दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणी म्हणतात, ‘सशक्त स्त्री-पात्रं हवीत’ अशी मागणी करू. ती मागणी अपुरी आहे, हेच इतका वेळ सांगते आहे. एलेन सशक्तच आहे. पात्र किती सशक्त यावर खुश होऊन आपण घरी गेलो, तर पुतळा फक्त अधिक चकचकीत होईल. विचारायचं ते हे: कुणाच्या डोळ्यांनी बघायचं, कुणाच्या हाताने उचलायचं, कुणाच्या तोंडाने बोलायचं?

ज्या गटांना हा खेळ घेऊन बसायचं असेल त्यांच्यासाठी आमचा अनुभव सांगते. साधा जुना कॉम्प्युटर पुरतो. पहिलं प्रकरण, म्हणजे किल्ल्यापासून अंगठीपर्यंत, मुलींना दोन बैठकींत होतं. इंग्रजी येणारी एक तरी जण लागते. पुतळा झाला की थांबवायचं आणि मोठा कागद पसरायचा. पहिल्या खेळातल्या चर्चची आणि माकडांची गोष्ट सांगायची आणि म्हणायचं, आता एलेनचा हरवलेला भाग तुम्ही रचा, तिच्याजवळ काय काय वस्तू आहेत तिथपासून. आमच्या मुलींचा कागद अडीच तासांत भरला. माकडांना गप्प उभं करायला केळी ठरली, पोशाख शिवायला फाटकं शीड ठरलं. चावीवरून मात्र भांडण झालं. एकीचं म्हणणं, चावी मिळाली की ताबडतोब निसटायचं. दुसरीचं म्हणणं, आधी खालच्या कोठडीतल्या बाकीच्यांना सोडवायचं, नाहीतर तिला गव्हर्नर कशाला म्हणायचं? ते भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून कागद भिंतीवर तसाच लावून ठेवला आहे आणि चावीच्या दोन वाटा दोन रंगांच्या पेनांनी काढल्या आहेत.